पोचा काढा, पण पारखून

दिवाळीची आवराआवर निघाली की माळ्यावरचा जुना पितळी स्टोव्ह खाली येतो. टाकीला दोन-तीन पोचे, बर्नर काळाठिक्कर. घरात मतं दोनच. मोडीत घाला, नाहीतर घासूनपुसून शोकेसमध्ये ठेवा. मी म्हणते, दुरुस्त करा. पण भांड्यासारखा नको.

मैत्रिणींनो, गुंडाला पोचा आला तर आपण ठोकून घेतो. पाणी गळलं नाही की झालं! स्टोव्हच्या टाकीचं तसं नाही. पंप मारला की आत हवा दाबली जाते आणि त्या दाबानंच रॉकेल बर्नरपर्यंत चढतं. टाकी बंद, आत हातोडी जात नाही. जाणता कारागीर पोच्यावर डाग देऊन सळई चिकटवतो आणि हळूहळू ओढतो. पितळ फार ठोकलं तर कडक होऊन तडकतं. म्हणून उथळ पोचा राहिला तरी चालेल. पण घडी पडली असेल किंवा पोचा सांध्यावर असेल, तर तो स्टोव्ह शोभेलाच बरा. एमसील लावून बुजवलेली टाकी तर पेटवूच नये.

डाग देण्याआधी टाकी रिकामी करून धुतली का, हे विचारा. रॉकेलची उरलेली वाफ पेट घेते. काम झाल्यावर रॉकेल न भरता, बर्नरची वाट बंद करून हवा भरायला लावा आणि टाकी पाण्यात बुडवून बघा. बुडबुडे आले की समजायचं, टाकी गळते.

‘बाईमाणसाला यातलं काय कळतं?’ असंही कोणी म्हणेल. पण पिन मारून स्टोव्ह पेटवत कोण होतं? ‘स्टोव्हचा भडका’ हे शब्द आपण वर्षानुवर्षं पेपरात वाचले. त्याआड सुनांचे छळ लपवले गेले. १९८३ साली ४९८ अ कलम आलं ते उगाच नाही. पण खरे अपघातही झाले, आणि भाजल्या त्या बायकाच. मग विचारायचा पहिला हक्क कोणाचा?

आपल्या वर्ध्यात, मगनवाडीत, १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचं ठाणं होतं. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. गावातल्या हाताला काम राहावं, हाच त्यामागचा विचार. स्टोव्ह मूळचा स्वीडनचा, पण आपल्याकडे तो चालता ठेवला गावच्या कारागिरानं. मोडीत किलोचे पैसे मिळतील. त्याच्याकडे नेला तर त्याचं कसब टिकेल. मात्र पेटवायचा की नाही, हे पाण्यातल्या बुडबुड्यांवरून ठरवा, हौसेवरून नको.