विश्लेषण : विधुर खेळाडू आणि मुलाची नॅनी... ही प्रेमकथा संथच का हवी?

आई नसलेले लहान मूल, सामन्यांसाठी सतत बाहेरगावी असणारा बाप आणि मुलाला सांभाळायला पगारावर आलेली तरुणी. इंग्रजी प्रणयकादंबऱ्यांत या तिघांच्या गोष्टीला सध्या मोठी मागणी आहे. समाजमाध्यमांवरील ‘बुकटॉक’ चित्रफितींमधून ही पुस्तके मराठी तरुणींच्या हातीही पोहोचली आहेत. शेवट पहिल्या पानापासून ठाऊक असतो, तरीही वाचक तीन-चारशे पाने धीर धरतात. ही नुसती ताणून धरण्याची युक्ती नाही. या गोष्टीला घाई परवडतच नाही, कारण तिच्यात प्रेमाइतकाच पगाराचा आणि मुलाचाही प्रश्न आहे.

‘स्लो बर्न’ म्हणजे काय?

मंद आचेवरचे प्रेम. नायक-नायिका पहिल्या भेटीत एकमेकांवर भाळत नाहीत. मुलाचा ताप, शाळेचा डबा, रात्री उशिरा विमानतळावरून परतलेला बाप, जेवण झाकून ठेवलेले ताट अशा रोजच्या गोष्टींतून ओळख वाढत जाते. लिझ टॉमफोर्ड यांची २०२३ मधील ‘कॉट अप’ ही या प्रकारातील गाजलेली कादंबरी. तिचा नायक बेसबॉलपटू आहे आणि नायिका त्याच्या प्रशिक्षकाची मुलगी. ती काही आठवड्यांपुरती त्याच्या बाळाला सांभाळायला येते. तिथला नायक विधुर नाही, एकल पिता आहे. पण साचा तोच. नायकाला विधुर केले की लेखकाचे काम सोपे होते. घटस्फोट नाही, मुलाच्या ताब्याचा खटला नाही, आणि त्याच्यावर कसला ठपकाही नाही.

नायक खेळाडूच का?

याचे उत्तर वेळापत्रकात आहे. अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉल लीगमध्ये प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो आणि त्यांतले निम्मे परगावी असतात. एकट्या बापाला असे वेळापत्रक दुसऱ्या माणसाच्या आधाराशिवाय पेलणे अशक्य. त्यामुळे नॅनी घरात येण्याला आणि मुक्कामी राहण्याला पटणारे कारण मिळते. दुसरे कारण शरीराचे. हजारो प्रेक्षकांसमोर न डगमगणारा धडधाकट पुरुष मुलीची वेणी घालताना गडबडतो, हे दृश्य वाचकांना हमखास आवडते. ज्याचे शरीर हेच भांडवल, त्याला शरीराच्या बळावर दु:ख हटवता येत नाही, हा या कथांचा गाभा आहे.

ही कल्पना नवी आहे का?

मुळीच नाही. शार्लट ब्राँटे यांच्या ‘जेन आयर’ (१८४७) या कादंबरीत मालकाच्या घरी मुलीला शिकवायला आलेली जेन मालकाच्या प्रेमात पडते. पण ब्राँटे यांनी तिला लगेच सुख दिले नाही. जेन ते घर सोडते, पुढे तिला काकांकडून २० हजार पौंडांचा वारसा मिळतो आणि तो भावंडांत वाटून घेतल्यावरच ती परतते. ती येते तेव्हा कोणाची नोकर नसते. १७५ हून अधिक वर्षांपूर्वीच्या या लेखिकेला जे उमगले होते, ते आजच्या अनेक कादंबऱ्या विसरतात.

‘द साउंड ऑफ म्युझिक’ (१९६५) हा चित्रपट विधुर कॅप्टन फॉन ट्रॅप आणि मारिया यांच्यावर आहे. प्रत्यक्षात मारिया सात मुलांची गव्हर्नेस म्हणून नव्हे, तर आजारातून उठलेल्या एका मुलीला शिकवण्यासाठी आल्या होत्या. १९२७ मध्ये लग्न झाले तेव्हा त्यांचा जीव मुलांवर होता. पतीवरचे प्रेम नंतर जडले, असे त्यांनीच आठवणींत नमूद केले आहे. म्हणजे मंद आच खरी होती, पण ती पेटली लग्नानंतर.

विधुराला इतका वेळ का द्यायचा?

मराठी वाचकाला हा प्रश्न विशेष जवळचा आहे. दुसऱ्यांदा बोहल्यावर चढणाऱ्यासाठी आपल्याकडे ‘बिजवर’ हा खास शब्द आहे आणि बिजवराला थांबवण्याची रीत नव्हती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे न्यायमूर्ती रानडे १८७३ मध्ये विधुर झाले आणि वडिलांच्या आग्रहाने त्याच वर्षी त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. पुढे रमाबाई रानडे म्हणून ती स्वकर्तृत्वाने मोठी झाली, हा भाग वेगळा. देवलांच्या ‘संगीत शारदा’ने १८९९ मध्ये म्हाताऱ्या विधुराच्या लग्नघाईवरच आसूड ओढला. थोडक्यात, विधवेने जन्मभर शोक करायचा आणि विधुराने तेरावे उरकून स्थळे पाहायची, असा हिशेब होता. पुरुषाला शोक करायला लावणारी कथा या पार्श्वभूमीवर स्वागतार्हच म्हणायला हवी.

वास्तवातही हे सोपे नसते. इंग्लंडचा फुटबॉलपटू रिओ फर्डिनंड याच्या पत्नीचे २०१५ मध्ये कर्करोगाने निधन झाले. २०१७ च्या बीबीसी माहितीपटात, तीन मुलांशी आईविषयी बोलायचे कसे हेच उमगत नसलेला बाप दिसतो. आईच्या आठवणी चिठ्ठ्यांवर लिहून बरणीत ठेवण्याचा साधा उपाय त्या घरात बोलण्याची वाट मोकळी करतो. त्याने २०१९ मध्ये पुन्हा लग्न केले. पण आधी त्या बरणीचे झाकण उघडावे लागले.

पगाराचा प्रश्न कुठे येतो?

इथेच बहुतेक कादंबऱ्या चाचरतात. नॅनीचे घर, जेवण आणि उत्पन्न एकाच माणसाच्या हाती असते. तिने नकार दिला तर नोकरी जाते, आणि मुक्कामी असेल तर छप्परही. मग तिच्या होकाराला होकार म्हणायचे कसे? आपल्याकडे २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने घर हेही कामाचे ठिकाण मानले असून घरकामगार महिलेला जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्येच केला. मात्र घरकामगारांना सन्मानाचे काम मिळावे यासाठीचा २०११ चा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १८९ वा करार भारताने अद्याप अनुमोदित केलेला नाही.

आपल्या घरांत मूल सांभाळणारीला ‘मावशी’ किंवा ‘ताई’ म्हणतात. त्यात आपुलकी असते, पण नात्याचे नाव दिले की सुट्टीचा, वाढीव तासांचा विषय काढणे तिलाच अवघड होते. प्रणयकथाही तेच करते. ‘ती आता घरचीच’ असे ठरले की पगार कधी थांबला, हे कोणी विचारत नाही.

आणि मुलाचे काय?

सर्वाधिक धोका त्याचाच. एक आई त्याने गमावलेली असते. मोठ्यांचे प्रेम फिसकटले तर बापाला हंगाम उरतो, नॅनीला दुसरी नोकरी मिळते. मुलाच्या वाट्याला मात्र दुसऱ्यांदा रिकामी खोली येते. म्हणून संथपणा ही इथे लेखनाची शैली नसून जबाबदारी आहे. त्यातल्या त्यात चांगल्या कथा ती पाळतात. तिथे नायिकेकडे स्वतःचा दुसरा व्यवसाय असतो, नोकरीचा करार आधी संपतो, दिवंगत आईचा फोटो भिंतीवरून उतरत नाही आणि मगच प्रेमाचा उच्चार होतो.

वाचकांनी या कादंबऱ्या जरूर वाचाव्यात. फक्त तिने ‘हो’ म्हटले त्या पानावर थांबून एक प्रश्न विचारावा : ती ‘नाही’ म्हणाली असती, तर दुसऱ्या दिवशी ती कुठे राहिली असती? या प्रश्नाचे उत्तर ज्या कथेत सापडते, तिथले प्रेम खरे.