मधमाश्यांच्या घरी यंत्राचा हात

मैत्रिणींनो, आंब्याला मोहोर धरला की त्यावर माश्या-मधमाश्यांची ये-जा सुरू होते. परागीकरण त्यांच्याच पायी होते. ते झाले नाही तर मोहोर नुसता बघायचा! म्हणून आज स्वयंपाकघर सोडून मधमाश्यांच्या घरात डोकावू या.

मधपेटी पाळणाऱ्याची अडचण एकच, आतले बाहेरून कळत नाही. उघडावे तर माश्या बिथरतात, न उघडावे तर मेणकिडा फोफावतो. आपली सातेरी माशी तर भारी मानी. फार ढवळाढवळ झाली, की घर सोडून चालती होते.

यावर आता यंत्रे निघाली आहेत. पेटीत तापमान आणि आवाज टिपणारी छोटी उपकरणे बसवतात. पिल्लांच्या जागेची ऊब माश्या ३४-३५ अंशांवर राखतात. ती घसरली की समजावे, काहीतरी बिनसले. राणीमाशी नाहीशी झाली तर गुणगुण बदलते. असे पुष्कळ आवाज ऐकवून संगणकाला फरक ओळखायला शिकवतात. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात ती हीच. इस्रायलमध्ये २०१८ साली निघालेल्या बीवाइज कंपनीच्या घरात तर यंत्राचा हात चौकटी उचलतो, कॅमेरा त्या तपासतो आणि व्हरोआ या परजीवी किड्यावर उष्णतेचा उपाय होतो. पण ते घर युरोपीय माशीसाठी, सातेरीसाठी नव्हे.

शिवाय यंत्र सांभाळणार पेटीच्या आतले. बाहेर फुलांवर मारलेले विष ते कसे अडवणार? माश्या मेल्या एवढेच ते सांगेल. बाहेरचे राखणे आपल्याच हाती आहे, बायांनो!

महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये देशातले पहिले 'मधाचे गाव' झाले, ते माणसांनी माश्या जपल्या म्हणून. आपणही एवढे करू या :

१. बाग असेल तर घरात सांगून ठेवा, फुलोऱ्यात फवारणी टाळायची. अगदीच अडले तर कृषी खात्याला विचारून, संध्याकाळी माश्या परतल्यावर.

२. झाडावर थवा बसला तर रॉकेलचा पलिता नको. प्रवासातला थवा बहुधा एक-दोन दिवसांत आपणच उठतो. मुक्काम पडलाच, तर जाणत्या मधपाळाला बोलवा.

३. आग्या माशीच्या पोळ्यापासून मुलांना लांब ठेवा. दगड, धूर काही नको.

४. उन्हाळ्यात परसात पसरट ताटलीत खडे घालून पाणी ठेवा. खड्यावर बसून माशी पाणी पिते, बुडत नाही.