चालते उपाहारगृह घेताना

निवृत्तीच्या पुंजीतून एखादे चालते उपाहारगृह किंवा फराळाचे दुकान घ्यावे, असा विचार आपल्या इंदूर-बडोद्याकडील घरांतून अधूनमधून निघतो. विकणारा भट्टी, भांडी, टेबले मोजून दाखवितो. परंतु मोठी रक्कम द्यावी लागते ती दुकानाच्या नावलौकिकासाठी. तो लौकिक आचाऱ्याच्या हाताला आहे की मालकाच्या गोड वाणीला, हे आधी पारखावे. विक्रीच्या वह्यांशी दूध, तेल, मैदा यांची बिले ताडून पाहावीत. खप तोंडाने फुगविता येतो, बिले सहसा फुगत नाहीत. जागा भाड्याची असल्यास घरमालकाची लेखी संमती घ्यावी. २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या ८५ व्या कलमानुसार विकणाऱ्याची हस्तांतरापर्यंतची करथकबाकी घेणाऱ्याकडूनही वसूल होऊ शकते, हे ध्यानी असावे. उलटपक्षी, १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम घेणाऱ्याला एक आधारही देते : नावलौकिक विकणाऱ्याने ठराविक परिसरात तोच धंदा करू नये, अशी वाजवी अट करारात घालता येते. ती अट राहून गेली, तर पुढच्याच गल्लीत त्याची नवी भट्टी पेटेल, गिऱ्हाईक तिकडे वळेल आणि आपल्या पदरी उरतील ती केवळ भांडी!