शब्द तोडा, पण सांध्यावर!

परवा ऑफिसात एक डच सहकारी माझ्या स्क्रीनकडे बघून फिस्सकन हसली. मालिश केंद्राच्या वेबसाईटचं काम होतं. मोबाईलवर एक लांबलचक शब्द मावेना, म्हणून माझ्या प्रोग्रॅमने तो मधेच तोडला होता. शब्द साधाच, मालिशचा पलंग: 'मसाझ' अधिक 'बेत'. पण वरच्या ओळीत राहिला 'मसा' म्हणजे जमाव, आणि खाली आलं 'खबेत' म्हणजे प्रार्थना. झाली की हो सामुदायिक प्रार्थना! :-)

रोमन स्पेलिंग दोन्हींचं हुबेहूब एकच. कानाला मात्र फरक लगेच कळतो. मालिशच्या पलंगात जोर 'सा'वर, प्रार्थनेत पहिल्याच अक्षरावर. शिवाय एकात 'झ', दुसऱ्यात 'ख'. कागदावर ना जोर दिसतो, ना सांधा.

मी आपला प्रोग्रॅमरछाप बचाव केला, की नियमाने बरोबर आहे. ते खरंही होतं. डच नियमांनुसार तिथे शब्द तोडता येतो. अपवाद म्हणून बग बंदसुद्धा करून टाकला.

मग तिने दुसरा शब्द लिहून दिला. 'क्वार्त-स्लाखन' वाचलं तर पाव-पाव फेरे, 'क्वार्त्स-लाखन' वाचलं तर क्वार्ट्झ दगडाचे थर. अक्षरं तीच! गंमत बघा, देवनागरीत लिहायचं तर 'स' कोणाच्या पदरात घालायचा ते मला आधीच ठरवावं लागतं. रोमनमध्ये हा निर्णय ओळ मोडेपर्यंत पुढे ढकलता येतो. आणि तेव्हा तो घेतं कोण? ज्याला अर्थ कळत नाही तो प्रोग्रॅम.

कोणी म्हणेल, मोठा शब्दकोश जोडा. थोडा फायदा होईलही. पण डचमध्ये नवे जोडशब्द रोज तयार होतात, कोश किती पुरणार? आणि वरच्या उदाहरणात चारही तुकडे खरेखुरे शब्द आहेत. कोश तरी काय सांगणार?

म्हणून माझं स्पष्ट मत: जोडशब्द सांध्यावरच तोडावा, आणि सांधा कुठे आहे हे लिहिणाऱ्याने सांगावं. त्यासाठी सॉफ्ट हायफन आहेच, ओळ मोडली तरच दिसणारा. लिहिणाऱ्याला थोडा त्रास होईल, मान्य. पण खात्री नसेल तिथे अख्खा शब्द खालच्या ओळीत गेलेला परवडला.

असो. तो बग मी पुन्हा उघडलाय.