आकडे जिंकले, पण प्रतिसादाचे काय?

फेरारीने 2015 मध्ये 458 इटालियाच्या जागी 488 जीटीबी आणली. आधीचे 4.5 लिटरचे व्ही-8 इंजिन टर्बोशिवाय चालायचे आणि त्याची 570 अश्वशक्ती थेट 9,000 आरपीएमला मिळायची. नव्या 3.9 लिटर इंजिनाला दोन टर्बो जोडले. अश्वशक्ती 670 झाली आणि टॉर्क 540 वरून 760 न्यूटन-मीटरवर गेला, तोही 3,000 आरपीएमलाच. कागदावर वाद तिथेच मिटतो.

मला मात्र तो मिटलेला वाटत नाही. टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो आणि सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो. लहान इंजिनातून मोठी ताकद निघते, हे मान्य. पण अॅक्सिलरेटर दाबल्यावर टर्बाइनला वेग घ्यायला क्षणभर तरी लागतोच, आणि वळणाच्या मध्यावर तो क्षण फार मोठा असतो. बिनटर्बो इंजिन पाय दाबताच उत्तर देते.

खुद्द फेरारीलाही हे ठाऊक होते. म्हणूनच 488 मध्ये पूर्ण टॉर्क फक्त वरच्या गिअरला मिळतो. खालच्या गिअरांत तो सॉफ्टवेअरने आवरला आहे, म्हणजे आरपीएमबरोबर चढत जाईल. टर्बो बसवून पुन्हा बिनटर्बोची नक्कल करावी लागली, यातच सगळे आले.

रोजच्या गाडीत टर्बो खुशाल असावा. पण केवळ चालवण्याच्या आनंदासाठी घेतलेल्या गाडीत ताकद आयती नको, ती आरपीएम चढवून मिळवावी. पोर्शेने 911 जीटी3 मध्ये 9,000 आरपीएमचे बिनटर्बो इंजिन राखले, ते म्हणूनच मला शहाणपणाचे वाटते.