हिशेबात शेतकऱ्याचा वाटा कुठे?

कडवंचीचे नाव जालना जिल्ह्यात कोणाला ठाऊक नाही? 1996 साली या गावात पाणलोटाचे काम सुरू झाले. पैसा जर्मनीच्या सरकारी विकास बँकेचा, तो आला नाबार्डमार्फत आणि काम पाहिले खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने. कागदावर एवढेच दिसते. पण या इंडो-जर्मन कार्यक्रमाची अटच होती की गावाने श्रमदान करावे, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळावी. गावाने ते केले. बांधबंदिस्ती झाली, विहिरींना पाणी टिकू लागले. मग शेतकऱ्यांनी पदरचे घालून, कर्ज काढून द्राक्षाचे मांडव उभे केले, ठिबक अंथरले, शेततळी खोदली. 2012 च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, तेव्हा कडवंचीची द्राक्षे तगली.

आता शहाणी माणसे सांगतात की हवामान बदलाला तोंड द्यायचे तर सरकारी पैशाला खाजगी पैशाची जोड हवी. आमची ना नाही. जालन्याला हे नवे नाही. निजामाच्या काळातल्या घाणेवाडी तलावातला गाळ काढायला शहरातल्या नागरिकांनी, व्यापारी-उद्योजकांनी वर्गणी केली आणि शेतकऱ्यांनी स्वखर्चाने तो गाळ रानात नेला. तलावात पाण्याला जागा झाली, माळरानाला माती मिळाली. 2017 साली सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली, तिची रीतही हीच: इंधन सरकारचे, यंत्रे संस्थांची, वाहतूक शेतकऱ्याची.

आमचा प्रश्न एवढाच आहे: या तिघांपैकी फलकावर नाव कोणाचे लागते? सरकारचे लागते, देणगीदाराचे लागते. ट्रॅक्टरच्या भाड्यापायी सावकाराच्या दारात उभा राहिला त्याचे लागत नाही. 2023 साली योजना नव्याने आली तेव्हा कुठे अल्प व अत्यल्प भूधारकांना गाळ वाहून नेण्यासाठी घनमीटरला 35 रुपये 75 पैसे, जास्तीत जास्त 37,500 रुपये देण्याचे ठरले. म्हणजे तोवर लहान शेतकऱ्याचा वाटा फुकटात धरला होता!

दुसरी गोष्ट. 2018 साली जागतिक बँकेने 42 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले, राज्याने 18 कोटींची भर घातली आणि नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प उभा राहिला. जालना त्यात होता. अनुदान थेट खात्यावर, मधला दलाल गेला, हे चांगलेच झाले. पण रीत अशी की आधी शेतकऱ्याने खर्च करायचा, मग अनुदान. ज्याच्या गाठीला दोन पैसे आहेत त्याचे शेततळे झाले. ज्याच्याकडे नाहीत, तो अर्जाची पावती घेऊन बसला. कर्ज मात्र सगळ्या राज्याच्या नावावर, फेडणार आपण सगळेच.

आणि आपल्यातलेही बोलले पाहिजे. विहिरीचा उपसा करून प्लास्टिकच्या शेततळ्यात पाणी साठवायचे म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीतले पाणी आपल्या खात्यावर चढवणे. बाष्पीभवनात जाते ते वेगळेच. अनुदान सरकारचे, गुंतवणूक आपली, पण भूजल गावाचे. त्याचा हिशेब कोणी ठेवायचा?

पैसा कोणाचाही येवो, सरकारचा, बँकेचा की 2013 च्या कंपनी कायद्याने नफ्यातले दोन टक्के काढणाऱ्या उद्योगांचा. त्याला आमच्या अटी असाव्यात. कोणी किती घातले हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावे, त्यात शेतकऱ्याचे श्रम, भाडे आणि कर्जाचे व्याज रुपयांत मांडावे. लहान शेतकऱ्याला काम सुरू होण्याआधी उचल मिळावी. पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडल्याशिवाय शेततळ्याला मंजुरी नको. आणि काम कोणते, कुठे, हे ग्रामसभेने ठरवावे. पैसे देणाऱ्याने सुचवावे, हुकूम सोडू नये.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, आपण या कामातले लाभार्थी नाही, भागीदार आहोत. भागीदाराने वही मागायची असते. जिल्हा मेळाव्याला येताना आपापल्या गावात गेल्या पाच वर्षांत झालेल्या कामांचा हिशेब लिहून आणा. कोणाचे किती, हे आधी आपणच मांडू.