उसनं घेतलेलं

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहून टाकतो.

उचगावातलं आमचं छोटं मशीन शॉप घरच्यांना माहीतच आहे. शिरोलीच्या फौंड्रीतून कास्टिंग येतात, आम्ही मशीनिंग करून परत धाडतो. पूर्वी नोंदींना एक विकतचं सॉफ्टवेअर होतं. करणाऱ्यानं धंदा बंद केला (नाव कशाला घ्या) आणि चार वर्षांच्या नोंदी आतच अडकल्या. माल आमचा, किल्ली त्याच्याकडे!

मग भाचा म्हणाला, "मामा, ईआरपीनेक्स्ट बघा." मुंबईच्या रुशभ मेहतांनी घरच्या फर्निचर धंद्यात ईआरपी बसवायची खटपट केली, त्यातून हे निघालं. २००८ पासूनची त्यांची कंपनी म्हणजे आजची फ्रॅपे. सोर्स कोड सगळ्यांना खुला. मग हे खातात काय? तर सर्व्हरवर चालवून देणं, अडचणी सोडवणं, याचे पैसे. आणि गंमत बघा, जीएसटीचा भाग, इंडिया कम्प्लायन्स, रेझिलिअंट टेक या वेगळ्याच कंपनीनं केला आणि तोही खुला ठेवला. एकाच प्रोग्रॅमवर पोट असलेल्या कंपन्या गिऱ्हाइकासाठी भांडतात, पण एकानं काढलेली चूक सगळ्यांची निघते. मला यात परोपकार दिसत नाही, चोख व्यवहार दिसतो. नियम बदलला की दहा जणांनी दहा ठिकाणी तेच कशाला लिहायचं?

इथवर सोपं होतं. आता माझी पाळी आली.

आम्ही त्यात एक रिपोर्ट करून घेतला. रिजेक्ट झालेल्या नगांत ब्लो होलचे किती आणि आमच्या हातून बिघडलेले किती, हे चलनावार दाखवणारा. यावरूनच फौंड्रीशी नेहमी वाजतं. शेजारच्या शॉपवाल्यानं तो मागितला. जीपीएल लायसन्सप्रमाणे बदललेला प्रोग्रॅम दुसऱ्याला दिला तरच कोड द्यायचा. आपल्या शेडमध्ये वापरला तर कोणी विचारत नाही. म्हणजे नाही म्हणायची मुभा होती. दाजी तर म्हणाले, "फुकट वाटत सुटलास होय? उद्या तुझंच काम नेईल."

रेट आणि गिऱ्हाइकाची ड्रॉइंग मी कुणाला दाखवणार नाही, ती आमची रोजीरोटी. पण गिऱ्हाईक येतं ते बोअर मापात आणि माल वेळेत मिळतो म्हणून, रिपोर्टसाठी नव्हे. रात्री अकराला याच शेजाऱ्याकडून बोअर गेज आणताना मला कधी लाज वाटली नाही. आणि चार ओळींचा कोड द्यायला महिनाभर विचार? तोही दुसऱ्याच्या फुकट मिळालेल्या प्रोग्रॅमवर उभा केलेला!

शेवटी भाच्यानं तो गिटहबवर टाकला. दोन दिवसांत शेजाऱ्याचा फोन: "तुमच्यात ब्लो होलचे नग दोनदा मोजलेत, एकदा मशीनवर, एकदा परतीच्या चलनावर."

तपासलं. खरं होतं. वर्षभर आम्ही तेच आकडे घेऊन फौंड्रीशी भांडत होतो. आता मालकांना फोन लावायचाय. सकाळपासून दोनदा हातात घेऊन ठेवलाय.